जामीन

आमच्या चर्चमध्ये प्रभूची प्रार्थना सगळी मंडळी उभी राहून एका सुरात म्हणते. लहानपणी मी आईच्या डाव्या हाताला, तिच्या पदराला लागून उभी असायची. आईचा आवाज खणखणीत होता. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ इथपर्यंत तो माझ्या कानाशी वाजत असायचा आणि मग एकदम थांबायचा. ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांना ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांला सोड’ ही ओळ बाकीची मंडळी म्हणायची. आई ओठ मिटून समोरच्या क्रुसाकडे बघत राहायची आणि पुढच्या ओळीला पुन्हा सगळ्यांत मिसळायची.

किती रविवार मी हे ऐकलं, म्हणजे ऐकलं नाही, याचा हिशेब नाही. बारा-तेरा वर्षांची झाल्यावर एकदा घरी येताना विचारलं. ती चालता चालता म्हणाली, “त्यात ‘सोडले आहे’ असं आहे. मी सोडलेलं नाही. देवासमोर उभं राहून खोटं कशाला बोलू?”

तिनं काय सोडलं नव्हतं हे घरात सगळ्यांना माहीत होतं. १९८६ साली माझ्या धाकट्या काकानं टेंपो घेण्यासाठी पतसंस्थेचं कर्ज काढलं आणि पप्पा त्याला जामीन राहिले. पप्पा नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात प्राथमिक शिक्षक होते. पगारदार माणसाची सही म्हणजे पतसंस्थेच्या लेखी सोन्यासारखी. टेंपो दीड वर्ष चालला आणि घाटात उलटला. विमा भरलेला नव्हता. काका मुंबईला निघून गेला आणि पुढची चार वर्षं त्यानं तोंड दाखवलं नाही. १९८८ पासून पप्पांच्या पगारातून दरमहा ३१० रुपये कापले जाऊ लागले. ते नऊ वर्षं कापले गेले.

३१० रुपये आज कुणाला काही वाटणार नाहीत. त्या घरात त्यांचा अर्थ असा होता की आईच्या पाटल्या गेल्या, ताईचं डी.एड. राहिलं आणि तिचं लग्न एकोणिसाव्या वर्षी लागलं. पप्पांनी भावाला केव्हाच माफ केलं होतं. कुणी विषय काढला तर ते म्हणत, “जाऊ दे, माझा भाऊ आहे.” आई तेव्हा चुलीपुढून उठून आत जायची. एकदाच, भांडण विकोपाला गेलं तेव्हा, तिला मी असं म्हणताना ऐकलं, “सही तुम्ही केली. मी नव्हती केली. आणि फेडतेय मी.”

पापाला आणि अपराधाला ‘ऋण’ म्हणायची ही रीत मराठी भाषांतरकारांनी आणलेली नाही. मत्तयच्या शुभवर्तमानात मूळ ग्रीकमध्येच तो शब्द देण्याघेण्यातला आहे, आणि येशू ज्या अरामी भाषेत बोलायचा त्या भाषेत ‘होबा’ या एकाच शब्दाचे कर्ज आणि पाप असे दोन्ही अर्थ होतात. लूकनं आपल्या शुभवर्तमानात हीच प्रार्थना दिली तेव्हा पहिल्या भागात ‘पापे’ असा शब्द घातला, पण दुसऱ्या भागात त्यालाही ‘ऋणी’ हा शब्द टाळता आला नाही. येशूच्या मुलखातले, म्हणजे गालीलमधले शेतकरी कर, खंड आणि कर्ज या तिहेरी ओझ्याखाली होते. येशूच्या दाखल्यांत सावकार, कारभारी, दिवसाच्या मजुरीवर जाणारे गडी, कर्जापायी तुरुंगात पडलेली माणसं सारखी भेटतात ती त्याचमुळे. ऐकणाऱ्यांच्या घरातलंच ते बोलणं होतं.

आमच्या भागातही ते घरातलंच होतं. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली. तो वणवा नगर जिल्ह्यातही पसरला. इतिहासात त्याला दख्खनचे दंगे म्हणतात. लोकांचा रोख होता कर्जखतांवर. खतं बाहेर काढायची आणि चव्हाट्यावर जाळायची. जिथं सावकारानं खतं गुपचूप काढून दिली तिथं पुष्कळदा त्याच्या अंगाला हातही लागला नाही. सरकारला पुढं १८७९ साली शेतकऱ्यांच्या कर्जासाठी स्वतंत्र कायदाच करावा लागला. नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम त्याआधी चाळीसेक वर्षांपासून, म्हणजे १८३१ पासून, सुरू होतं. ज्या वस्त्यांमध्ये मंडळ्या उभ्या राहिल्या, त्या वस्त्यांना कागदावरच्या अंगठ्याची किंमत चांगली ठाऊक होती. त्या माणसांनी पहिल्यांदा ‘तू आमची ऋणे आम्हांला सोड’ असं म्हटलं असेल तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर काय आलं असेल, याचा मी पुष्कळदा विचार करते. आम्हाला तो अलंकार वाटतो. त्यांना तो वाटला नसणार.

पौलानं कलस्सैकरांना लिहिलेल्या पत्रात एक वाक्य आहे. आपल्याविरुद्ध असलेलं ऋणपत्र ख्रिस्तानं खोडलं आणि वधस्तंभाला खिळून रद्द केलं, अशा अर्थाचं. सुप्याची हकिकत पहिल्यांदा वाचली त्या दिवशी मी बायबलमधलं हे पान पुन्हा काढून बघितलं. खत जाळलं की सावकाराचा पैसा बुडतो. खत खिळलं तर कुणाचा बुडतो? खिळे कागदाला नव्हते मारलेले.

मी सव्वीस वर्षं एका सहकारी बँकेत काम केलं, त्यातली नऊ वर्षं वसुली विभागात. आईला हे फारसं आवडलं नव्हतं, पण ती काही बोलली नाही. तिथं मी जे शिकले ते मला कुठल्याही प्रवचनात ऐकायला मिळालं नाही, म्हणून जरा विस्तारानं सांगते.

कर्ज थकलं की ते अनुत्पादक ठरतं. मग बँकेला आपल्या नफ्यातून त्याच्यासाठी तरतूद करावी लागते. वसुलीची आशा उरली नाही की संचालक मंडळ ते कर्ज निर्लेखित करतं. ताळेबंदातून ते नाहीसं होतं. बाहेरच्या माणसाला वाटतं, सुटला बिचारा. पण निर्लेखन म्हणजे माफी नव्हे. कर्जदाराकडचं येणं तसंच उभं असतं, सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला तसाच फायलीत असतो, आमची माणसं त्याच्या दारात जातच राहतात. बँकेनं फक्त आपल्या वहीत त्याच्याकडे बघणं बंद केलेलं असतं. माफी निराळी. माफीत खातं शून्यावर येतं, माणसाला बेबाकी दाखला मिळतो, सातबाऱ्याच्या इतर हक्कांत नोंदवलेला बोजा उतरतो. २०१७ आणि २०१९ च्या कर्जमाफीत आमच्याकडे असे दाखले न्यायला माणसं आली. एक म्हातारे गृहस्थ तो कागद हातात धरून बाकावर कितीतरी वेळ बसून राहिले होते. घरी जायला उठेचनात.

पण दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे. रक्कम हवेत विरत नाही. निर्लेखन झालं तर भागधारकाच्या लाभांशातून जाते, माफी झाली तर सरकारच्या तिजोरीतून येते. बुडालेल्या प्रत्येक रुपयामागे कुणाच्या तरी पदराला खार लागतो. वसुली विभागात बसून मी हे रोज बघत होते, आणि रविवारी प्रार्थनेत ती ओळ आली की मला आई आठवायची. घराघरांतली पुष्कळशी माफी निर्लेखनासारखीच असते. आपण बोलणं सोडतो, विषय काढत नाही, लग्नात समोरासमोर आलो तर हसतो. दाखला मात्र फायलीत जपून ठेवलेला असतो. आई हे करायला तयार नव्हती. तिनं सोडलं नव्हतं तर ती ‘सोडलं’ म्हणत नव्हती. आज मला वाटतं, त्या चर्चमध्ये ती ओळ सर्वांत गंभीरपणे घेणारी बाई तीच होती.

मत्तयच्या अठराव्या अध्यायात पेत्र विचारतो, भावानं माझा अपराध केला तर किती वेळा क्षमा करू, सात वेळा का? येशू त्याला सत्तरदा सातचा आकडा सांगतो आणि मग हिशेबाचाच एक दाखला देतो. एका राजाच्या चाकराकडे दहा हजार तालांत येणं होतं. राजानं ते सोडलं. तोच चाकर बाहेर पडला आणि शंभर दीनार देणं असलेल्या सोबत्याची त्यानं नरडी धरली. एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. एका तालांताचे साधारण सहा हजार दीनार. म्हणजे पहिलं कर्ज झालं सहा कोटी दिवसांच्या मजुरीचं. वर्षाला तीनशे दिवस कामाचे धरले तरी दोन लाख वर्षं. दुसरं कर्ज त्याच्या सहा लाखांश.

प्रवचनात इथं सांगतात की बघा, केवढं मोठं माफ झालं आणि केवढंसं त्याला सोडवेना. खरं आहे. पण वसुली विभागातल्या माझ्या नजरेला दुसरंही काही दिसतं. शंभर दीनार म्हणजे शंभर दिवसांची मजुरी. चार महिन्यांची कमाई. हातावर पोट असणाऱ्या घराला ती रक्कम लहान नाही. येशूनं एक दीनार म्हटलं असतं, चार म्हटलं असतं तरी दाखला चालला असता. त्यानं शंभर म्हटलं. दुसऱ्यानं आपलं केलेलं नुकसान किरकोळ आहे असं तो कुठंच म्हणत नाही. ते नुकसान खरं आहे, त्याला आकडा आहे, पाटल्यांचं वजन आहे. हे कबूल करूनच तो पुढचं बोलतो.

आईला समजवायला कुणी आलं नाही असं नाही. त्या काळात आमच्याकडे असलेले एक पाळक घरी आले होते. ते म्हणाले, मनात अढी ठेवून प्रभुभोजन घेणं बरं नव्हे, आधी दिराला क्षमा करा. आईनं त्यांना चहा दिला आणि त्या महिन्यापासून प्रभुभोजन घेणं थांबवलं. भाकर आणि द्राक्षारसाचा पेला ओळीनं पुढं यायचा आणि ती मान खाली घालून शेजारणीकडे जाऊ द्यायची. दोन वर्षं असं चाललं. एका खेड्यातल्या मंडळीत ही केवढी शिक्षा असते ते तिथं वाढलेल्यालाच कळेल.

पाळकांनी ज्या वचनाचा आधार घेतला होता ते मी मोठेपणी नीट वाचलं. मत्तय, अध्याय पाचवा. तू वेदीपाशी दान आणलंस आणि तिथं तुला आठवलं की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथंच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर. वाक्य ज्याला उद्देशून आहे तो देणेकरी आहे. ज्याच्यामुळं दुसऱ्याच्या मनात काही राहिलं, त्यानं उठून जायचं आहे. म्हणजे वेदीपासून परत पाठवायचंच होतं तर काकाला पाठवायला हवं होतं, आईला नव्हे.

हे मी कुणावर राग काढायला लिहीत नाही. पण आपल्या मंडळ्यांमधून हे फार झालं आहे आणि अजून होतं, म्हणून लिहिते. नवऱ्याचा मार खाल्लेल्या बाईला, हिस्सा बुडालेल्या बहिणीला आपण सर्वांत आधी क्षमेचा उपदेश करतो, कारण ती समोर बसलेली असते आणि ऐकून घेते. ज्यानं मारलं, ज्यानं बुडवलं, तो त्या रविवारी आलेलाच नसतो. शास्त्र असं एकांगी नाही. जक्कय नावाचा जकातदार येशूला घरी नेतो तेव्हा तो नुसता रडत नाही. उभा राहून सांगतो की मी कुणाचं अन्यायानं घेतलं असेल तर चौपट परत करतो. त्यावर येशू म्हणतो, आज या घराला तारण झालं आहे. घेतलेलं परत करणं हा पश्चात्तापाचाच भाग आहे, हे चर्चनं पहिल्यापासून शिकवलेलं आहे. आपण ते हळूहळू बोलायचं सोडून दिलं.

आणि तरीही. एवढं सगळं आईच्या बाजूनं बोलून झाल्यावरही मला उधळ्या पुत्राच्या दाखल्यापाशी थांबावं लागतं.

धाकटा मुलगा बापाकडून आपला वाटा घेऊन जातो, तो उडवून टाकतो आणि एक दिवस घरी परत यायला निघतो. तो दूर असतानाच बाप त्याला बघतो. मराठी शास्त्रात लिहिलंय, त्याला त्याचा ‘कळवळा आला’. ज्यानं हा शब्द निवडला त्याचे मी मनोमन आभार मानते. ग्रीकमध्ये तिथं जे क्रियापद आहे ते आतड्यांवरून आलेलं आहे, म्हणजे आपण आतडं तुटलं म्हणतो तसंच. आणि जुन्या करारात देवाच्या दयेला जो ‘रहमीम’ हा हिब्रू शब्द आहे त्याचं नातं ‘रेहेम’शी, म्हणजे गर्भाशयाशी आहे. देवाची दया म्हणजे वरून खाली टाकलेली भीक नव्हे. पोटच्या पोरासाठी पोटात जे होतं ते. त्या बापाला हिशेब करता येत नव्हता असं नाही. पोरगा दिसला आणि त्याचे पाय धावले. मुलानं पाठ करून आणलेलं कबुलीचं वाक्यही तो पुरतं होऊ देत नाही.

लहानपणी या दाखल्यात मला काका दिसायचा, आणि बापाच्या जागी पप्पा. आई कुठं आहे ते कितीतरी वर्षांनी सापडलं. ती शेतावरून घरी येणारा थोरला भाऊ होती.

धाकट्यासाठी मेजवानी मांडलेली कळते तेव्हा थोरला रागावतो, आत जायला तयार होत नाही. त्याच्या रागाला आपण हेवा म्हणून मोकळे होतो. पण हिशेब बघा. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे थोरल्याला दुप्पट वाटा. दोघे भाऊ असले तर धाकट्याला एक तृतीयांश. तो त्यानं घेतला आणि उडवला. मागं राहिलं ते सगळं आता थोरल्याचं. बाप स्वतःच म्हणतो, माझं जे काही आहे ते सर्व तुझंच आहे. म्हणजे कापलेलं पुष्ट वासरू थोरल्याच्या वाट्यातलं होतं. अंगठी, झगा, पायातले जोडे, सगळं त्याच्याच वाट्यातून. मिठी बापानं मारली आणि खर्च थोरल्याच्या नावावर पडला. त्याला कुणी विचारलंही नव्हतं. वाद्यांचा आवाज आला म्हणून त्यानं चाकराला विचारलं तेव्हा कळलं.

बापाचं मोठेपण मला जास्त कुठं जाणवतं तर इथं. तो धाकट्यासाठी जसा रस्त्यावर आला, तसाच थोरल्यासाठीही घराबाहेर आला. मेजवानी सोडून अंधारात उभ्या राहिलेल्या मुलाला त्यानं अपराधी ठरवलं नाही, बाळा म्हणून हाक मारली. थोरला आत गेला की नाही ते येशूनं सांगितलेलं नाही. दाखला अंगणातच थांबतो.

अंगणातून आत गेलेल्या माणसांविषयी मी जे वाचलंय त्यात एक घटना मला सोडत नाही. सिस्टर राणी मारिया या मूळच्या केरळमधल्या पुल्लुवळी गावच्या. फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट या कॅथलिक संघाच्या धर्मभगिनी. १९९२ पासून त्या मध्य प्रदेशात, देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला आदिवासींमध्ये काम करत होत्या. काम काय, तर लोकांना सरकारी योजना समजावून द्यायच्या, बँकेच्या दारापर्यंत न्यायचं, एकजूट करायची, म्हणजे सावकाराकडे जायची पाळी येणार नाही. कर्जातून माणसं मोकळी करणं हेच त्यांचं काम होतं. ज्यांची सावकारी त्यानं बुडत होती त्यांना ते सहन झालं नाही. २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदूरकडे निघालेल्या बसमध्ये समुंदर सिंह नावाच्या तरुणानं त्यांना भोसकलं. अंगावर पन्नासहून जास्त जखमा होत्या. बस भरलेली होती आणि कुणी मध्ये पडलं नाही.

समुंदर सिंहला जन्मठेप झाली. २००२ च्या ऑगस्टमध्ये, राखीच्या दिवसांत, राणी मारियांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल इंदूरच्या तुरुंगात गेली आणि तिनं त्याच्या मनगटावर राखी बांधली. पुढं त्यांच्या आईनं त्याचे हात हातात घेऊन त्यांचं चुंबन घेतलं. त्याच्या सुटकेसाठी या कुटुंबानं शब्द टाकला आणि २००६ मध्ये तो बाहेर आला. केरळला जाऊन त्यानं त्या म्हाताऱ्या आईबापांची भेट घेतली. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदूरला राणी मारियांना धन्यवादित म्हणून, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवर, घोषित केलं गेलं तेव्हा तो तिथं होता.

राखीविषयी मी खूप विचार केला आहे. राखी बांधताना बहीण भावावर एक देणं ठेवते. आता माझं रक्षण तू करायचंस. ज्याच्याकडे बहिणीच्या जिवाचं येणं होतं त्याला सेल्मींनी मोकळं केलं आणि लगेच नव्या ऋणात बांधून घेतलं. त्याच्या अपराधाला त्यांनी लहान म्हटलं नाही. तो तुरुंगात असताना त्या गेल्या, कायद्यानं आपलं काम केलेलं होतं. आणि गेल्या ते कुणी पाठवलं म्हणून नाही. सही त्यांनी स्वतः केली होती.

आईला मी ही गोष्ट सांगितली होती. ती भाजी निवडत होती. बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, “त्या आईला रात्री झोप लागली असेल का गं, हात धरला त्या दिवशी?” मी म्हटलं, ठाऊक नाही. ती म्हणाली, “लागली असेल.”

वधस्तंभावरून येशू जे बोलला त्यातलं एक वाक्य मला अलीकडे वेगळं ऐकू येतं. ‘हे बापा, त्यांना क्षमा कर.’ मी त्यांना क्षमा करतो, असं तो म्हणाला नाही. एरवी तो सरळ म्हणायचा. छपरातून खाली सोडलेल्या पक्षाघाती माणसाला म्हणाला, तुझ्या पापांची क्षमा झाली आहे. शिमोन परुश्याच्या घरी पाय धुणाऱ्या बाईलाही तसंच म्हणाला. पण खिळे ठोकलेले असताना त्यानं ते काम बापाकडे सोपवलं. यावर विद्वानांचं काय म्हणणं असेल ते असो, मला यात मोठा आधार वाटतो. ज्याच्या अंगात अजून खिळे आहेत त्याला स्वतःच्या तोंडून ‘सोडलं’ म्हणवत नसेल तर तो एवढं तरी म्हणू शकतो, तू सोड. माझ्याच्यानं होत नाही, तू बघ. आईला हे मी वेळेवर सांगू शकले असते तर बरं झालं असतं. तेव्हा मला ते दिसलं नव्हतं.

आणि इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात एक वाक्य आहे, ज्याच्यावरून माझं बोट कितीतरी वेळा फिरलं आहे. येशू अधिक चांगल्या कराराचा ‘जामीन’ झाला आहे, असं त्यात म्हटलंय. हाच शब्द. पतसंस्थेच्या छापील अर्जात तिसऱ्या पानावर असतो तो. जामीनदार कर्जदाराइतकाच जबाबदार असतो. कर्जदार पळाला तर जामीनदाराच्या पगारातून कापतात, घरावर बोजा चढवतात. नीतिसूत्रांत शलमोनानं मुलाला बजावलंय की परक्याला जामीन राहू नकोस, पस्तावशील. शहाण्या माणसाचा सल्ला तोच असायचा. देवानं तो आपल्यापुरता मानला नाही.

हे वाचलं की मला पप्पा आठवतात. दर महिन्याचं पगारपत्रक, कपातीचा रकाना, त्यांचं ते “जाऊ दे.” त्यांच्यावर माझा राग होता, अजून थोडा आहे. पण ती सही करताना त्यांना भाऊ कसा आहे ते माहीत नव्हतं असं थोडंच होतं? माहीत असूनच त्यांनी केली.

२०१९ साली आई गेली. तिच्या ट्रंकेत, बायबलच्या खाली, एक लांबट वही निघाली. निळी, कापडी पाठीची. तिच्यात दर महिन्याला एक ओळ होती. महिना, ३१०, आणि पुढं त्या महिन्यात काय राहिलं ते. ‘पाटल्या.’ ‘डी.एड.ची फी.’ ‘बाळीचा स्वेटर.’ बाळी म्हणजे मी. स्वेटर मला आठवतही नव्हता. पानंच्या पानं असं. शेवटची नोंद नोव्हेंबर १९९४ ची.

मी पप्पांची जुनी पगारपत्रकं काढून ताडून बघितलं. कपात १९९७ पर्यंत चालू होती. म्हणजे पैसे जातच होते, तिनं लिहायचं थांबवलं होतं. त्या नोव्हेंबरात काय झालं ते मी ताईला विचारलं, तिला काही आठवेना. काका तोवर मुंबईहून परतून गावातच दोन खोल्यांत राहायला लागला होता, पण त्यानं पैसे दिल्याचं कुणाला माहीत नाही. मी तर त्याच वर्षी जूनमध्ये शिकायला पुण्याला गेले होते. त्यानंतर सुटीत घरी आले तरी मी मैत्रिणींबरोबर मागच्या बाकावर उभी राहायची. आई ती ओळ म्हणायला लागली की नाही, ते मी कधी ऐकलंच नाही. दोन बाकं पुढं जाऊन तिच्या डाव्या हाताला उभं राहायचं, एवढंच तर करायचं होतं.

नोव्हेंबरच्या नोंदीनंतर वहीचं पान अर्धं कोरं आहे. पुढच्या पानावर तिच्याच अक्षरात नाताळाची यादी आहे. करंज्या, शंकरपाळी, रव्याचे लाडू, मैदा किती, साखर किती. त्याखाली कुणाकडे डबा पाठवायचा त्यांची नावं. पाळकसाहेब. शेजारची शकूमावशी. तिसऱ्या ओळीवर लिहिलंय, ‘धाकटे भाऊजी. करंज्या जास्त.’